सिपनेच्या काठी खजिन्याचा शोध

दिवाळीची सुट्टी संपली की वऱ्हाडातल्या शाळांमध्ये सहलीचे बेत सुरू होतात. अमरावतीकडच्या शाळा चिखलदरा, सेमाडोह, कोलकास ही ठिकाणे निवडतात. अकोल्याकडच्या शाळा नरनाळा किल्ला किंवा काटेपूर्णा अभयारण्य पसंत करतात. बस पोचते, मुले उतरतात, फोटो निघतात, डबे उघडतात आणि दिवस मावळायच्या आत परतीचा प्रवास सुरू होतो. 'काय पाहिले?' असे दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले तर 'खूप मजा आली' एवढेच उत्तर मिळते. मजा हवीच. पण त्याच मजेतून भूगोल, गणित आणि पदार्थविज्ञान यांची गाठ घालून देणारा एक खेळ आहे. त्याची ओळख करून देण्यासाठी हा लेख.

खेळ सोपा आहे. मुलांच्या गटाला एक चिठ्ठी द्यायची. तिच्यावर फक्त दोन आकडे असतात, एक अक्षांशाचा आणि एक रेखांशाचा. हातातल्या मोबाइलमधील जीपीएसच्या मदतीने त्या जागी पोचायचे आणि तिथे जे शोधायला सांगितले असेल ते शोधायचे. जगभर हा खेळ 'जिओकॅशिंग' या नावाने ओळखला जातो.

एका बादलीपासून सुरुवात

जीपीएस ही उपग्रहांची यंत्रणा अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारली. सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांमध्ये पूर्वी मुद्दाम बिघाड मिसळलेला असे. त्यामुळे दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. मे २०००च्या सुरुवातीला हा बिघाड बंद करण्यात आला आणि एका रात्रीत सामान्य माणसाचा जीपीएस पाचदहा पटींनी अचूक झाला. दुसऱ्याच दिवशी, ३ मे २००० रोजी, डेव्ह उल्मर या अमेरिकन गृहस्थांनी ओरेगॉन राज्यातील जंगलात एक बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात एक वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू होत्या. बादलीचे अक्षांश-रेखांश त्यांनी संगणकाच्या जाळ्यावर जाहीर केले. 'शोधा, काही घ्या, काही ठेवा आणि वहीत नोंद करा' एवढाच नियम होता. काही दिवसांतच ती बादली सापडली. आज जगात असे तीस लाखांच्या आसपास 'खजिने' लपवलेले आहेत.

कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. इंग्लंडमधील डार्टमूर या माळरानात एका वाटाड्याने १८५४ साली एका दुर्गम जागी बरणी ठेवली होती. तिथवर पोचणारा माणूस आपल्या नावाची चिठ्ठी तिच्यात टाकत असे. म्हणजे या खेळाचे मूळ उपग्रहांत नाही. 'मी अमुक जागी नेमका पोचलो' हे सिद्ध करण्याच्या हौसेत ते आहे.

दोन आकडे काय सांगतात?

अक्षांश-रेखांश आपण पाचवी-सहावीपासून शिकवतो, पण ते नकाशावरच्या रेघा म्हणूनच मुलांच्या लक्षात राहतात. त्यांचे जमिनीवरचे माप काढून दाखवले की त्या रेघा जिवंत होतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. एक अंश म्हणजे साठ मिनिटे. म्हणून एका मिनिटाला सुमारे १.८५ किलोमीटर आणि एका सेकंदाला सुमारे ३१ मीटर पडतात. रेखांशांच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येतात, त्यामुळे तिथे अक्षांशाच्या कोज्येने, म्हणजे कोसाइनने, गुणावे लागते. आपल्या भागात ती ०.९३५च्या जवळपास आहे. म्हणून आपल्याकडे रेखांशाचे एक मिनिट सुमारे १.७३ किलोमीटरचे भरते.

आता एक उदाहरण. अमरावती साधारण २०° ५६′ उत्तर, ७७° ४५′ पूर्व येथे आहे. अकोला साधारण २०° ४२′ उत्तर, ७७° ०′ पूर्व येथे आहे. अक्षांशातील फरक १४ मिनिटे, म्हणजे २६ किलोमीटर. रेखांशातील फरक ४५ मिनिटे, म्हणजे ७८ किलोमीटर. पायथागोरसचा सिद्धांत वापरा, सरळ अंतर ८२ किलोमीटर येईल. एसटीने जाताना अंतर जास्त भरते, कारण रस्ता सरळ नाही. नववीच्या मुलांना हे गणित पाच मिनिटांत येते आणि त्यात स्वतःचे गाव असल्यामुळे ते विसरत नाही.

ओळंबा सरळ लोंबत नाही तेव्हा

जमिनीवर आपण कुठे आहोत हे आकड्यांत सांगण्याची एक फार मोठी खटपट आपल्या अमरावती जिल्ह्यात होऊन गेली आहे, हे पुष्कळ शिक्षकांना माहीत नसते. भारताच्या दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंत एक लांबच लांब कमान मोजण्याचे काम विल्यम लॅम्बटन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतले. सपाट जागी साखळीने एक पायारेषा अत्यंत काळजीने मोजायची. पुढे टेकड्या आणि मनोरे यांवरून थिओडोलाइटने कोन मोजत त्रिकोणांची माळ पुढे न्यायची. अशी त्यांची रीत होती. या माळेतील एक महत्त्वाचे स्थानक अचलपूरजवळ होते. अचलपूरला तेव्हा एलिचपूर म्हणत. इंग्रजी दप्तरात त्या स्थानकाचे नाव 'ताकळखेडा' असे येते. १८२३ साली लॅम्बटन नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे वारले आणि काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आले.

अशा स्थानकाचा अक्षांश ताऱ्यांचे वेध घेऊन काढत. त्यासाठी 'थेट वर' ही दिशा ठाऊक असावी लागते आणि ती ओळंब्यावरून ठरते. आता ताकळखेड्याच्या उत्तरेला काय आहे? सातपुडा. डोंगराच्या प्रचंड वस्तुमानाचे गुरुत्वाकर्षण ओळंब्याला किंचित उत्तरेकडे ओढते. ओळंबा तिरपा झाला की 'थेट वर' ही दिशाही तिरपी होते, आणि अक्षांश खऱ्यापेक्षा थोडा कमी भरतो. एव्हरेस्ट यांनी आपल्या १८३०च्या ग्रंथात या डोंगराच्या ओढीचा हिशेब मांडला. ओळंबा डोळ्यांना सरळच दिसत असतो. पण कोनात चारपाच सेकंदांची चूक झाली तरी जमिनीवर शंभर-दीडशे मीटरांचा फरक पडतो. नदीकाठी खजिना शोधणाऱ्या गटाला तेवढा फरक नदीच्या दुसऱ्या तीरावर नेऊन सोडील!

या कामातून पृथ्वीच्या आकाराचे जे माप निघाले ते 'एव्हरेस्ट लंबगोल' म्हणून ओळखले जाते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे त्यावर आधारलेले आहेत. जीपीएस मात्र पृथ्वीचा वेगळा, साऱ्या जगासाठी ठरवलेला आकार गृहीत धरतो. म्हणून जुन्या स्थलदर्शक नकाशावरून काढलेले अक्षांश-रेखांश मोबाइलमध्ये जसेच्या तसे घातले, तर आपल्या भागात शंभर मीटरांहून अधिक फरक पडू शकतो. यात नकाशाही चुकलेला नसतो आणि यंत्रही नाही. दोघांची मोजपट्टी निराळी असते, एवढेच. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेले खुल्या मालिकेचे नकाशे जीपीएसच्या मोजपट्टीशी जुळणारे आहेत. शाळेत कोणता नकाशा आहे, हे खेळाआधी जरूर पाहावे.

उपग्रहाकडून जागा कशी कळते?

समजा, तुम्हाला एवढेच सांगितले की तुम्ही अमरावतीपासून सरळ रेषेत ५० किलोमीटरवर आहात. नकाशावर अमरावतीभोवती तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा. तुम्ही त्या वर्तुळावर कुठेही असू शकता. आता दुसरी माहिती मिळाली, अकोल्यापासून ४० किलोमीटर. दुसरे वर्तुळ काढले की दोन छेदनबिंदू मिळतात. एक दर्यापूरच्या बाजूला, दुसरा मूर्तिजापूरच्या दक्षिणेला. यांतील खरा कोणता? अचलपूरपासूनचे अंतर कळले की प्रश्न सुटतो. कंपास आणि नकाशा घेऊन हे वर्गात करून घ्यावे.

जीपीएस हेच करतो, फक्त गावांच्या जागी उपग्रह असतात आणि वर्तुळांच्या जागी गोल. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह 'मी अमुक जागी आहे आणि आत्ता अमुक वाजले आहेत' असा रेडिओ संदेश सतत पाठवत असतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. त्याला यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढता येते. उपग्रह डोक्यावर असेल तर हा वेळ सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग असतो. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, म्हणून घड्याळ सेकंदाच्या दहालाखाव्या भागाने चुकले तरी अंतर ३०० मीटरने चुकते! उपग्रहात अणुघड्याळे असतात, पण आपल्या मोबाइलमधले घड्याळ साधे असते. त्याची चूक हे चौथे अज्ञात मानून चौथ्या उपग्रहाच्या मदतीने काढतात. तीन अज्ञातांना तीन समीकरणे आणि घड्याळासाठी चौथे, असे हे बीजगणित आहे.

यात आइन्स्टाइनही येतात. उपग्रहातले घड्याळ वेगामुळे थोडे मंद चालते आणि उंचीवरील क्षीण गुरुत्वाकर्षणामुळे थोडे जलद चालते. दोन्हींची वजाबाकी केली तर ते जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. याची दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अंतरे सुमारे ११ किलोमीटरने चुकतील. भारतानेही २०१३पासून सोडलेल्या उपग्रहांच्या आधारे 'नाविक' ही स्वतःची यंत्रणा उभारली. तिचे तत्त्व हेच आहे.

शिक्षक नेहमी एक शंका विचारतात. मेळघाटात मोबाइलला रेंज नसते, मग खेळ कसा चालणार? चालतो. जीपीएससाठी मोबाइल फक्त ऐकतो, त्याला काही पाठवावे लागत नाही. मात्र कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती एरवी मोबाइल इंटरनेटवरून चटकन घेतो. रेंज नसताना ती उपग्रहांच्याच संदेशातून घ्यावी लागते, म्हणून पहिल्यांदा जागा दाखवायला काही मिनिटे लागू शकतात. नकाशा मात्र घरूनच उतरवून न्यावा.

सागाखाली आकडे डळमळतात

उघड्या मैदानावर चांगला मोबाइल साधारण पाच मीटरांपर्यंत बरोबर जागा दाखवतो. जंगलात तसे होत नाही. ओल्या पानांतून येताना संकेत क्षीण होतात. खडकाच्या कड्यावर किंवा जाड खोडावर आपटून आलेला संकेत लांबच्या वाटेने आलेला असतो, त्यामुळे अंतर जास्त वाटते. दरीत आकाशाचा पट्टाच अरुंद दिसतो आणि वापरता येणारे उपग्रह कमी होतात. सिपना नदीच्या खोऱ्यात हे सारे एकत्र भेटते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. सागाची रुंद पाने पावसाळ्यात छत धरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गळून पडतात. त्यामुळे त्याच जागी, त्याच यंत्राने ऑगस्टमध्ये आणि एप्रिलमध्ये घेतलेल्या नोंदींची तुलना हा एक छान प्रकल्प होऊ शकतो.

मोबाइलचा पडदा मात्र ही डळमळ लपवतो. अंशाची सहा दशांश स्थळे तो ऐटीत दाखवतो. सहावे स्थळ म्हणजे जमिनीवर ११ सेंटिमीटर! ज्या यंत्राची चूक पाच मीटरांची, त्याने सेंटिमीटरांची भाषा बोलावी यात काही अर्थ नाही. चौथ्या स्थळापुढचे, म्हणजे ११ मीटरांपुढचे, अंक जंगलात गंभीरपणे घेऊ नयेत. प्रयोगवहीत दशांश चिन्हापुढे आठ अंक लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला सार्थ अंकांचा धडा देण्याची याहून चांगली संधी नाही.

डबा का लपवू नये?

आता आमच्या एका चुकीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी, संरक्षित क्षेत्राबाहेरच्या एका नाल्याकाठी आम्ही मुलांसाठी असाच डबा लपवला होता. आत वही, पेन्सिली आणि लिमलेटच्या गोळ्या. दोन महिन्यांनी दुसरा गट घेऊन गेलो तेव्हा झाकण दातांनी कुरतडलेले होते. गोळ्यांचे कागद नाल्यात दूरवर पसरले होते आणि वहीचा लगदा झाला होता. कोणत्या प्राण्याच्या पोटात किती प्लास्टिक गेले, ते कळायला मार्ग नव्हता. आम्ही खजुराएवढा धडा घेतला आणि पुढच्या वेळी खाऊ न ठेवता डबा झाडाच्या ढोलीत ठेवायचे ठरवले. बरोबरचा कोरकू वाटाड्या म्हणाला, "सर, ते ढोली रिकामी नाही. पिंगळ्याचं घर हाये." तो साधा पिंगळा होता की रानपिंगळा, हे आम्हाला त्या दिवशी ओळखता आले नाही. पण रानपिंगळा हा पक्षी १८८४नंतर शास्त्रज्ञांना थेट १९९७ साली, नंदुरबारकडच्या जंगलात पुन्हा सापडला. त्यानंतर तो मेळघाटातही आढळला. तो ढोलीतच घरटे करतो आणि त्याची संख्या फार थोडी आहे. आमचा डबा ज्या जागेला 'लपवायला उत्तम' समजत होता, ती जागा कुणासाठी तरी एकमेव होती.

कायद्याचीही बाजू आहे. मेळघाट हा १९७४ साली घोषित झालेला, देशातील पहिल्या नऊंपैकी एक व्याघ्रप्रकल्प आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा क्षेत्रात मनाला येईल तिथे फिरणे, वस्तू टाकणे किंवा उचलणे चालत नाही. मग खेळ सोडून द्यायचा का?

याचे उत्तर भूवैज्ञानिकांनी देऊन ठेवले आहे. २००४पासून 'अर्थकॅश' नावाचा प्रकार रूढ आहे. त्यात काहीही लपवलेले नसते. आकडे तुम्हाला एखाद्या खडकापाशी, कड्यापाशी, नदीच्या वळणापाशी नेतात आणि तिथे नीट पाहिल्याखेरीज देता येणार नाही असे प्रश्न विचारतात. उत्तर हाच खजिना. घेऊन जायचे ते वहीत, ठेवून यायचे ते काहीच नाही. आमच्या मते शाळांसाठी हाच प्रकार योग्य आहे, आणि तो मूळ खेळापेक्षा अवघडही आहे. डबा लपवायला जागा हवी असते. चांगला प्रश्न लपवायला मात्र शिक्षकाला ती जागा आधी स्वतः वाचावी लागते.

प्रश्न कसे निवडावेत?

काही नमुने देतो. वनखात्याची परवानगी घेऊन, पर्यटकांना मोकळ्या असलेल्या जागीच ते वापरावेत.

चिखलदऱ्याच्या एखाद्या पॉइंटवरून समोरच्या कड्याकडे पाहा. काळ्या खडकाचे किती आडवे थर मोजता येतात? हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आहेत. प्रत्येक थराच्या माथ्याशी खडक सच्छिद्र का दिसतो?

कोलकासजवळ सिपना कोणत्या दिशेला वाहते? नकाशावर तिचा मागोवा घ्या. हे पाणी तापीतून अरबी समुद्राला मिळते. तिच्या पात्रातील गोटे वळणाच्या आतल्या बाजूला साचतात की बाहेरच्या? का?

नरनाळ्यावरून दक्षिणेकडे पाहा. डोंगर एकाएकी संपून पूर्णेचे सपाट खोरे का सुरू होते? याच रेषेवर गाविलगडचा प्रस्तरभंग आहे. त्याच्या दक्षिणेला पूर्णेचा गाळ खोलवर साचला आहे. खारपाण पट्ट्यातल्या गावांतील विहिरीचे पाणी मचूळ का, हा प्रश्न मुलांच्या घरापर्यंत जातो.

काटेपूर्णा जलाशयाच्या काठी पाण्याची जुनी पातळी दाखवणाऱ्या खुणा शोधा. आजच्या पातळीपेक्षा त्या किती उंच आहेत? काठी आणि पाणसळ वापरून मोजा.

मुलांचे गट सहा-सात जणांचे असावेत आणि प्रत्येक गटाबरोबर एक मोठा माणूस असावा. मोबाइलच्या पडद्याकडे बघत चालू नये. बाण नदीच्या पलीकडे दाखवत असला तरी पात्रात उतरायचे नाही. डोंगरात पडलेल्या पावसाने सातपुड्यातले ओढे पाहता पाहता फुगतात.

करून पाहा

जंगलात जाण्याआधी हा प्रयोग शाळेच्या मैदानावर करावा. हातपंप किंवा ध्वजस्तंभ अशी एक ठळक जागा निवडा. तिथे उभे राहून दर दहा मिनिटांनी एक, अशा जीपीएसच्या वीस नोंदी घ्या. नंतर तेच एखाद्या दाट झाडाखाली करा. आलेखाच्या कागदावर एका सेंटिमीटरला एक मीटर हे प्रमाण धरून सर्व बिंदू मांडा. बिंदूंचे दोन पुंजके तयार होतील. कोणता अधिक विस्कटलेला आहे? दोन्हींची सरासरी काढा. ती खऱ्या जागेच्या किती जवळ आली? दुसऱ्या कंपनीचा मोबाइल घेऊन पुन्हा तपासा.

झाडाखालचा पुंजका जेवढा रुंद, तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ सहलीच्या चिठ्ठीवर आकड्यांच्या शेजारी काढा. 'खजिना या वर्तुळात आहे, नेमका कुठे ते डोळ्यांनी शोधा' असे मुलांना सांगा. यंत्र मुलांना त्या वर्तुळापर्यंत आणील. पुढची पाचपन्नास पावले त्यांनी खडक, झाडे आणि नदी पाहतच टाकायची आहेत.